बॅगेवर बसलेल्या बाई

"बाई, एवढी सही राहिलीय. करता ना?"

सौमित्र दारातूनच विचारत होता. विद्यापीठाच्या स्लाव्ह अभ्यास केंद्राचे तीन जिने तो बॅग घेऊन धावत चढला होता. खाली रिक्षा थांबलेली, संध्याकाळी विमान, मग दोन वर्षं रशियात संशोधन. प्रबंधावर केंद्रप्रमुख टिपरेबाईंची सही नसली, तर तिथली जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

बाई सावकाश पानं उलटत होत्या. कोपऱ्यातल्या समोवारची, म्हणजे रशियन चहाच्या बंबाची, तोटी गळत होती. तिच्याखाली त्यांनी स्टीलची वाटी ठेवली होती.

"प्रवासाला निघण्याआधी तिकडची माणसं घटकाभर गप्प बसतात... एवढ्यावर चाळीस पानं?"

"बेचाळीस, बाई. टिपा धरून."

"का बसतात रे?"

सौमित्र खुलला. याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता.

"पाच कारणं आहेत. पहिलं, घरातल्या भुताखेतांना चकवायला. दुसरं, काही विसरलंय का ते आठवायला. तिसरं..."

"खाली बैस जरा."

"रिक्षावाला हॉर्न वाजवतोय, बाई!"

बाई पानं टेबलावर ठेवून उठल्या. दारापर्यंत आल्या. आणि सरळ त्याच्या बॅगेवर जाऊन बसल्या.

"अहो बाई, आत बाकरवडी आहे!"

"चुरा खा. बैस."

नाइलाजाने सौमित्र समोरच्या स्टुलावर टेकला.



वाटीत थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा.

सहा वर्षांपूर्वी याच स्टुलावर त्याने पहिलं रशियन वाक्य वाचलं होतं. सगळा वर्ग हसला होता. बाई हसल्या नव्हत्या. त्यांनी समोवारमधून त्याला चहा ओतून दिला होता आणि म्हणाल्या होत्या, "पुन्हा वाच."

बाईंच्या बोटाला लाल शाई लागली होती. केस केवढे पांढरे झालेत, हे त्याने आजच पाहिलं. येत्या मार्चमध्ये त्या निवृत्त होणार होत्या. तो परत येईल तेव्हा या दारावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव असेल.

खाली हॉर्न वाजला. एकदा... दोनदा.

सौमित्र उठला नाही.

"हं," बाई हळूच म्हणाल्या, "तिसरं कारण काय म्हणत होतास?"

त्याने टेबलावरच्या पानांकडे पाहिलं.

"...नाही सांगता येत, बाई."

बाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. पेनाचं टोपण काढलं.

"आण इकडे. कुठे करायची सही?"