फ्लेक्सवरचं लाल पॅराशूट

एका गावात अवधूत नावाचा एक तरुण होता. विहिरीच्या काठावरून उड्या मारून त्याचं समाधान होईना, तशी त्याला विमानातून उडी मारायची हुक्की आली. जवळच्या माळावर निर्मलाताईंची पॅराशूटच्या उड्या शिकवणारी शाळा होती. ताईंच्या नावावर हजारभर उड्या. त्यांच्या हाताखाली तो शिकला आणि एकट्याने पहिली उडी मारायचा दिवस ठरला.

झालं! त्याच्या मामांनी चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर काळा गॉगल घातलेला अवधूत आणि त्याच्या डोक्यावर लालचुटूक पॅराशूट. छापणाऱ्याने ते कुठून उचललं देव जाणे, पण आता सगळ्या गावाला लालच बघायचं होतं.

उडीच्या सकाळी ताईंनी त्याच्यापुढे भलंमोठं, विटलेलं पिवळं पॅराशूट ठेवलं. माळावर एक लालही होतं, पण ते लहान, आणि दिगंबर नावाच्या जुन्या उडीबहाद्दराचं. ताईंनी पुन्हा बजावलं की लहान पॅराशूट वेगाने खाली येतं, जराशा ओढीने गर्रकन वळतं. मोठं सावकाश उतरतं आणि नवख्याची चूक पोटात घालतं. रंग बघून नव्हे, आपलं वजन आणि आपल्या उड्या बघून ते घ्यायचं.

ताईंची पाठ वळली मात्र, मामा दिगंबरशी गोड बोलून लाल पॅराशूट घेऊन आले.

"गुमान हे पाठीवर घे. गावात माझी मान खाली घालू नकोस."

अर्धा गाव हलगी घेऊन माळावर बसला होता. पिवळं घेतलं तर मित्र महिनाभर टिंगल करणार, हे अवधूतला ठाऊक होतं. आणि खोटं कशाला बोला, त्यालाही लालच हवं होतं. त्याने आपलं वजन आठवलं, चौऱ्याऐंशी किलो. एकट्याच्या उड्या आठवल्या, एकही नाही. तोंड पाडून त्याने लाल पॅराशूट दिगंबरला परत दिलं.

वर सगळं ठीक झालं. जमीन जवळ आली, गर्दी दिसली आणि गडी गोंधळला. एक दोरी त्याने नको तेवढी खेचली. पिवळं पॅराशूट म्हशीसारखं सावकाश एका अंगाला कललं आणि अवधूत ढेकळांत बुडावर आपटला. तोंडात माती गेली, पण आपल्या पायांनी उठला.

पाठोपाठ दिगंबर लाल पॅराशूट घेऊन नेमका लोकांपुढे उतरला. हलगी कडाडली. गावाने हार त्याच्याच गळ्यात घातला. अवधूतला वाईट वाटलं, का नाही वाटणार?

ताई धावत आल्या. त्याचे पाय चाचपून म्हणाल्या, "हीच ओढ लालला दिली असतीस, तर तुला उचलून न्यावं लागलं असतं."

मामा मागेच उभे होते. फुरंगटून म्हणाले, "आणि फ्लेक्सचं काय?"

अवधूत तोंडातली माती थुंकत म्हणाला, "मामा, फ्लेक्स दुसरा छापता येतो. पाय येत नाही."

मामा खाली वाकून पिवळं कापड गोळा करू लागले.

तात्पर्य: साधन लोकांच्या डोळ्यांत भरेल असं नव्हे, आपल्याला झेपेल असं निवडावं.