दोनशे चौदा दिवस जागे असलेले यंत्र

एकदा एका जिल्हा रुग्णालयात एक वृद्ध अभियंते आणि त्यांची शिष्या संगणकांची खोली सांभाळत होते. वृद्धांनी पूर्वी तंत्रनिकेतनात शिकवले होते, म्हणून डॉक्टरांपासून सफाई कामगारांपर्यंत सारे त्यांना गुरुजी म्हणत. शिष्येचे नाव केतकी. गुरुजींच्या हाताखाली तिने तारा ओढल्या होत्या, बिघाड शोधले होते. पण अथपासून इतिपर्यंत एकटीने करायचे असे हे तिचे पहिलेच काम होते.

काम मोलाचे होते. डोंगरपट्ट्यातली अकरा आरोग्य केंद्रे रुग्णालयाशी जोडलेली होती. कुणाच्या छातीत कळ आली, की केंद्रातली परिचारिका हृदयाचा आलेख काढी आणि तो त्याच क्षणी इथल्या हृदयरोगतज्ज्ञांपुढे उमटे. हे आलेख एका जुन्या स्विचमधून येत. स्विच म्हणजे साऱ्या तारा एकत्र आणून ज्याचे त्याला पोहोचवणारी लोखंडी पेटी. ती पेटी आता थकली होती. दिवसाआड एखादे केंद्र मुके होई.

तिच्या जागी केतकीला आभासी स्विच उभा करायचा होता. त्यात पेटी नसते, सर्व्हरमधले सॉफ्टवेअरच पेटीचे काम करते. मात्र ते वेगाने चालायचे तर त्याचा एक तुकडा प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसवावा लागतो. त्या तुकड्याला मॉड्यूल म्हणतात. ते ज्या कर्नलसाठी बांधले, त्याच कर्नलमध्ये बसते; कर्नलची आवृत्ती बदलली, की उंबऱ्यावरूनच परत.

तीन आठवडे त्या मॉड्यूलने केतकीला रडवले होते. आणि त्या दिवशी सकाळी साडेदहाला ते बसले! पडद्यावर एकेक करत अकरा हिरवे ठिपके उजळले. केतकी खुर्चीतून उडालीच.

"गुरुजी, अकराच्या अकरा! बघा, बघा ना!"

तिने लगेच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मिसाळ बाईंना फोन लावला. बाई जिना चढून धापा टाकत आल्या आणि ठिपके पाहून त्यांनी केतकीची पाठ थोपटली. बारा वाजता जुनी पेटी उतरवायची, असे ठरलेलेच होते.

गुरुजींनी चष्मा पुसला. ठिपके मोजले. "छान झालंय," ते म्हणाले. "हा सर्व्हर किती दिवस चालू आहे?"

"दोनशे चौदा दिवस!" केतकी अभिमानाने म्हणाली. "एकदाही मान टाकली नाही त्यानं."

"मग आता बंद करून पुन्हा चालू कर."

केतकीला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "गुरुजी, सगळं चाललंय. हात कशाला लावायचा?"

"चाललंय म्हणूनच."

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो गुरुजी, बाळंतपण सुखरूप झालं. आता म्हणता, पुन्हा एकदा करून दाखव?"

"बाई, दर सोमवारी शस्त्रक्रिया सुरू व्हायच्या आधी मुख्य वीज मुद्दाम तोडून जनरेटर कोण तपासायला लावतं?"

"मीच. माझा हुकूमच आहे तो."

"मग हा माझा." गुरुजी केतकीकडे वळले. "आत्ता मोडलं तर जुनी पेटी अजून उभी आहे. बारानंतर मोडलं, तर डोंगरातल्या माणसाला इथं कोण आहे?"

केतकीला राग आला होता, पण तिने सर्व्हरला बंद व्हायची आज्ञा दिली. पंख्यांची घरघर थांबली. खोलीत एकाएकी इतकी शांतता झाली, की डॉक्टरबाईंच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. मग पंखे पुन्हा घुमले, सर्व्हर उठला.

अकराही ठिपके लाल होते.

केतकी पुढे सरकली. पडद्यावर ओळ होती, मॉड्यूल सापडत नाही. "असं कसं? तासाभरापूर्वी मी स्वतः बसवलंय! गुरुजी, सांगा ना काय झालं."

गुरुजी हाताची घडी घालून बसले होते. "पडदा सांगतोय. वाच."

तिने वाचले. पुन्हा वाचले. आणि दुसऱ्या वाचनाला तिची नजर कर्नलच्या आवृत्तीच्या आकड्यांवर अडकली. शेवटचे दोन आकडे निराळे होते.

"हा कर्नल तो नाहीच!" ती ओरडली.

चार महिन्यांपूर्वी सुरक्षेसाठी आलेल्या सुधारणा तिनेच सर्व्हरवर चढवल्या होत्या. त्यांच्यासोबत नवा कर्नल येऊन बसला होता. पण सर्व्हर कधी बंदच झाला नाही, म्हणून जुनाच कर्नल राज्य करीत राहिला, आणि नवा मुकाट्याने आपल्या पाळीची वाट पाहत राहिला. केतकीने तीन आठवडे खपून मॉड्यूल बांधले ते त्या जुन्यासाठी. पुढच्या वेळी वीज जाताच तो जुना कर्नल जायचा होता, आणि मॉड्यूल त्याच्याबरोबर.

मग तिची बोटे नाचू लागली. तिने नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधले, त्याच्या जागी बसवले. सर्व्हर उठताच ते आपोआप चढावे अशी नोंद केली. पुढे आणखी नवा कर्नल आला, तर त्याच्यासाठी मॉड्यूल आपसूक बांधले जावे, अशीही सोय केली. पावणेबाराला अकरा ठिपके हिरवे झाले, तेव्हा डॉक्टरबाईंनीच टाळी वाजवली.

केतकीने मात्र टाळी वाजवली नाही. "बाई, पुन्हा बंद करते हं," ती म्हणाली, आणि कुणाच्या होकाराला थांबली नाही. सर्व्हर निजला, उठला. तिने कळफलकाला बोटही न लावता ठिपके एकामागून एक उजळत गेले. नऊ. दहा. क्षणभर काहीच नाही. अकरा!

"गुरुजी, खरं सांगा," बाई म्हणाल्या, "तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"नाही हो. आपल्याला ठाऊक नाही, एवढंच मला ठाऊक होतं." "माझं घर एकेचाळीस वर्षं उत्तम चाललं. कुठली गोळी सकाळची, विरजण किती लावायचं, पाहुण्यांच्या गाद्या कुठं, सगळं आमच्या हिला पाठ. मी समजत होतो, घर आम्हा दोघांचं आहे. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात उभा, चहाची पूडसुद्धा सापडेना. ती माहेरी जाते म्हणाली, की मी म्हणायचो, कशाला, सगळं छान चाललंय. तिला चार दिवस जाऊ दिलं असतं, तर मी शिकलो असतो. केतकी, चालू असलेली गोष्ट आपल्याला आजचं सांगते. ती पुन्हा सुरू होईल का, हे ती थांबल्याशिवाय सांगत नाही. म्हणून सावरायला कुणी उभं असेल, तेव्हाच तिला थांबवून बघावं."

बाराच्या ठोक्याला केतकीने आपल्या हाताने जुन्या पेटीच्या तारा काढल्या.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी सर्वांत दूरच्या केंद्रातून आलेख याच खोलीतल्या पडद्यावर उमटला. पहिल्या आलेखासाठी थांबलेल्या डॉक्टरबाई वाकल्या, आणि दुसऱ्याच क्षणी फोनवर त्यांचा आवाज चढला, "झटकाच आहे हा. सांगते ती गोळी आत्ता द्या, आणि गाडी काढा. मी इथं तयार आहे." केतकी दाराशी उभी राहून ऐकत होती. गुरुजींनी तिच्याकडे पाहिले आणि खुर्ची पुढे सरकवली. ती त्यांची स्वतःची खुर्ची होती.

ज्याच्यावर आपले सारे चालले आहे, ते दुसरा आधार शाबूत असतानाच एकदा थांबवून पाहावे.