बुवांची दाढ

“...मग हे कुठल्या जन्मीचं पाप म्हणायचं, महाराज?”

त्र्यंबकबुवांनी प्रश्न विचारला खरा, पण गालावरचा हात काही काढला नाही. तीन दिवस दाढ ठणकत होती, गालही सुजला होता. उद्या मठाच्या उत्सवातलं पहिलंच कीर्तन त्यांचं, आणि तोंड धड उघडेना. बुवा अगदी रडकुंडीला आले होते.

म्हातारे आत्मारामस्वामी वाती वळत बसले होते.

“तुला काय वाटतं?”

बुवांना तेवढंच हवं होतं. “शनी वक्री आहे. शिवाय वातप्रकोप. शिवाय यंदा गावोगाव कीर्तनं गाजली, तेव्हा दृष्टही लागली असणार.”

“एका दाढेला एवढे सगळे?”

“हो, महाराज.”

चार शास्त्रं बुवांना तोंडपाठ होती. त्या तोंडात काय चाललंय, एवढंच ठाऊक नव्हतं.

स्वामींनी पेटतं निरांजन उचलून त्यांच्याजवळ आणलं. आता आशीर्वाद मिळणार म्हणून बुवांनी डोळे मिटून हात जोडले.

“डोळे कशाला मिटतोस? तोंड उघड.”

स्वामी बराच वेळ आत बघत राहिले.

“कीर्तनाला उभा राहतोस तेव्हा खडीसाखर कुठं ठेवतोस?”

“गालात. गळा मोकळा राहतो. आम्ही सगळेच ठेवतो.”

“कुठल्या गालात?”

“डाव्या.”

“आणि दाढ?”

“...डावी.”

“नंतर चूळ भरतोस?”

“नंतर लोक पाया पडायला येतात, महाराज. चूळ कधी भरणार?”

“कीड लागलीय. भोक पडलंय दाढेला.”

बुवा खट्टू झाले. एवढ्या व्यासंगी माणसाच्या दुखण्याला इतकं क्षुल्लक कारण!

“बस... इतकंच?”

“मोठं कारण हवं असेल तर आणखी महिनाभर साखर चघळ. नाहीतर दुपारच्या एसटीनं तालुक्याला जा. तिथं दातांचे डॉक्टर आहेत.”

बुवा उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. चेहरा पार उतरला होता.

“पण महाराज... गाल कशानं सुजला म्हणून लोकांनी विचारलं, तेव्हा मी सांगून बसलोय, हे अनुष्ठानाचं तेज आहे. उद्या सूज उतरली तर काय सांगू?”

स्वामींनी पुढची वात वळायला घेतली.

“खरं ते सांग. कीर्तनात एक तरी गोष्ट स्वतःच्या अनुभवाची असू दे.”