धरलं म्हणेपर्यंत

"मग माणूस ट्रकच का धरून बसतो, बाबा?"

सकाळपासून हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. नूरबाबा चपलेचा तुटलेला अंगठा शिवत राहिले.

नूरबाबा म्हणजे होडीच्या धक्क्यावरचे फकीर. तीस वर्षं त्यांनी याच खाडीत होडी वल्हवली, मग वल्हं दाऊदच्या हाती दिलं आणि धक्क्यावरच्या उंडीच्या झाडाखाली येऊन बसले. विचारणारा श्रीरंग खांबेटे याच गावचा, पण नऊ वर्षं ब्रसेल्सला राहून युरोपच्या वाहतूक धोरणावर काम करणारा. सुट्टीवर आला होता म्हणे. सुट्टी कसली, डोक्याचा ताप बरोबर घेऊनच विमानातून उतरला होता.

धोरण तसं साधं होतं. माल एका मोठ्या पेटीत भरायचा. कारखान्यातून स्टेशनापर्यंत ट्रक, लांबचा पल्ला रेल्वे, तिथून कालव्यातून जहाज आणि शेवटच्या चार कोसांना पुन्हा ट्रक. धूर कमी, रस्ते मोकळे. सभेत सगळे माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी महामार्गावर ट्रकांची रांग होती तेवढीच. आता पंधरा दिवसांवर या धोरणावरचं मतदान आलं होतं. चिन्हं काही बरी नव्हती. धोरण पडलं की श्रीरंगची नऊ वर्षं कपाटात जाणार होती.

"रेल्वे दिली, कालवा दिला, सवलती दिल्या," तो म्हणाला. "आणखी काय द्यायचं?"

बाबांनी दोरा दाताने तोडला.

श्रीरंगने मग एका काचवाल्याची गोष्ट सांगितली. मोठा कारखानदार. त्याला सगळं पटलं होतं, तरी काचा ट्रकनेच पाठवायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, ट्रकवाल्याचा फोन नंबर माझ्याकडे आहे. एवढा शिकलेला माणूस आणि हे उत्तर... ते सांगताना आत्ताही श्रीरंगच्या कपाळावर आठी आली.

"कागद आणलायस?" बाबांनी विचारलं.

आणला होता. धोरणाचा अहवाल, दोनशे बारा पानं, वर सुबक पुठ्ठा. बाबांनी तो मांडीवर घेऊन नुसताच कुरवाळला.

"माल एका गाडीतून दुसरीत जातो, ते पान काढ."

श्रीरंग पानं उलटू लागला. बराच वेळ उलटत राहिला. अखेर एकशे अडतिसाव्या पानावर एक वाक्य सापडलं. ते त्याने मराठीत करून वाचलं: "संबंधित घटकांनी मालाचे हस्तांतरण सुलभ करावे."

"हे घटक कोण?"

"म्हणजे... रेल्वे, बंदर, जहाजवाले... जे कोणी संबंधित असतील ते."

बाबांनी डोळे मिटले. फकिरालाही चीड येते, एवढंच की तो ती मिटल्या डोळ्यांआड ठेवतो.

तेवढ्यात दाऊदची होडी धक्क्याला लागली आणि तानीबाई कुंभारीण उतारावरून खाली आली. डोक्यावर पाटी, पाटीत चौदा मडकी. ती स्वतः पलीकडे जात नसे. पाटी होडीत द्यायची, पलीकडे टेंपोवाला ती घेऊन बाजाराला न्यायचा आणि ही घरी भट्टीपाशी परतायची.

"दाऊद, तू वल्ह्यावर राहा," बाबा म्हणाले. "आज पाटी हा घेईल. पलीकडे टेंपोवाल्याच्या हातात देईल आणि येईल."

श्रीरंग होडीत चढला. मनात म्हणाला असेल, विचारायला काय आलो आणि करतोय काय. त्याने वाकून पाटीला दोन्ही हात लावले.

"सोडा," तो म्हणाला.

तानीबाईने सोडली नाही.

"सोडा ना, बाई. मी आहे."

ती गुडघाभर पाण्यात उभी. डोक्यावरची पाटी आता दोघांच्या मधे, चार हातांत. दाऊद हसू दाबत दुसरीकडे बघू लागला. पाणी ओसरत होतं, होडी हलत होती आणि श्रीरंगचा आवाज चढत होता. तो किती वेळा सोडा म्हणाला ते मोजण्यात अर्थ नाही.

"बाबा, हिला सांगा काही. मी सोडा म्हणतोय आणि ही सोडतच नाही."

"तू अजून धरलं म्हणाला नाहीस," बाबा म्हणाले.

या धक्क्यावर ती जुनी रीत होती. देणाऱ्याने दिलं म्हणून चालत नसे. घेणारा धरलं म्हणाला की मगच हात सुटायचे आणि तिथून पुढे जे फुटेल ते घेणाऱ्याचं. श्रीरंग याच धक्क्यावर लहानाचा मोठा झाला होता. विसरला होता.

"बरं. धरलं," तो वैतागून म्हणाला.

तानीबाईने तत्काळ हात काढले. सगळं वजन एकदम त्याच्या हातांत आलं. ती मागे न बघता उतार चढून निघून गेली.

परत यायला त्याला दीड तास लागला. आला तो घामाघूम, शर्टाला माती, चेहरा तापलेला.

टेंपोचं चाक बसलं होतं. पाऊण तास तो पलीकडच्या धक्क्यावर पाटी घेऊन उभा होता. वाटेने म्हशी पाण्यावर चालल्या होत्या, दोनदा अंगावरून गेल्या. चहावाल्याने फुकट चहा पुढे केला तो घेता आला नाही, हात मोकळा नव्हता. शेवटी टेंपोवाला आला, त्याने आधी तंबाखू मळली, ती तोंडात टाकली आणि मग कुठे धरलं हा एक शब्द बोलला.

"खाली ठेवायची होतीस," बाबा म्हणाले.

"खाली? बाबा, म्हशी होत्या!"

"मग कठड्यावर ठेवून यायचं. टेंपोवाला येणारच होता."

"आणि फुटली असती तर? त्या बाईला काय सांगणार होतो मी? धरलं म्हणालो होतो ना..."

तो बोलता बोलता थांबला.

दाऊद होडीतलं पाणी उपसत होता.

श्रीरंग खाली बसला. अहवाल उघडला, एकशे अडतिसावं पान काढलं, खिशातून पेन काढलं आणि संबंधित घटकांवर काट मारली. मग पेन तसंच हवेत राहिलं.

"रेल्वेचं नाव लिहिलं तर ते बंदराकडे बोट दाखवतात," तो म्हणाला. "बंदर जहाजवाल्यांकडे. जहाजवाले आमच्या खात्याकडे. पंधरा दिवस उरलेत, बाबा. नऊ वर्षांत हे कुणाला विचारायचं सुचलं नाही, आता या रेघेवर मी नाव तरी कुणाचं घालू?"

बाबांनी त्याच्या हातांकडे बघितलं. दंड अजून भरून आलेले होते, बोटं नीट मिटत नव्हती.

"ज्याचे हात दुखतायत, त्याचं."