मळीवरचा घेवडा

“पण तिला बोलतं कसं करायचं, तेवढं सांगा की बाबा!”

आल्यापासून गजाबा खोताचं हेच टुमणं चाललं होतं. हैदरबाबा मात्र नदीकाठी उकिडवे बसून आपल्या वाफ्याकडे बघत होते, जसं काही कुणी आलेलंच नाही.

हा म्हातारा फकीर काठावरच्या दर्ग्यात राहायचा. गजाबा त्याचा जुना चेला. चेला म्हणायचा आपला. ऐकायचा कुणाचंच नाही. बैल वठणीवर आणणं हा त्याचा धंदा. ज्याचा बैल मारका निघाला, त्यानं गजाबाची वाट धरायची. आणि असला हा गडी स्वतःच्या पोरीपुढं हात टेकून बसला होता.

“ताईत द्या, उदी द्या, काय पण द्या. पोरगी बोलली पायजे माझ्याशी.”

“कधीपास्नं गप हाय?”

“बेंदराच्या सणापास्नं.”

“काय झालतं?”

गजाबा घुटमळला. मग त्यानं सांगितलं. अंगणात एका खोंडाला वेसण घालत होता. खोंड अडलं. यानं चाबूक ओढला, पुन्हा ओढला. माणसं जमली होती. तेवढ्यात शेवंता मध्ये आली आणि म्हणाली, आबा, पुरं करा, भ्यालंय ते.

“मग?”

“मग काय... चारचौघांत पोरगी शिकवायला लागली, तर बापानं काय करायचं? म्हनलं, गप बस. पुन्ना तोंड उघडलंस तर याद राख.”

“मग गुणाची हाय की पोर,” बाबा म्हणाले. “तुझंच ऐकलं तिनं.”

गजाबाचा चेहरा खर्रकन उतरला.

खरंच तर होतं. शेवंता त्याला भाकरी वाढायची, हातावर पाणी घालायची. पूर दारात आला तेव्हा दावणीची गुरं सोडून माळावर तिनंच नेली. पण शब्द नाही. आईशी बोलायची, शेजारणींशी खिदळायची, आणि हा उंबऱ्यात आला की घर मुकं. तिचं ते हसू ऐकायला गजाबा कधीकधी परड्यात भिंतीआड उभा राहायचा. हे मात्र त्यानं बाबांना सांगितलं नाही. लाज वाटली त्याला.

“बरं,” बाबा म्हणाले. “माझंबी एक काम अडलंय बघ. घेवडा लावलाय. उगवंना.”

“हितं उगवंना?” गजाबाला एकदम जोर आला. “आवो, मळी हाय ही, मळी!”

तेही काही खोटं नव्हतं. दरसाल पुरानं आणून घातलेला गाळ. नदीनं काठ कापला होता तिथं थरावर थर दिसत, आणि पुरुषभर खाली गेलं तरी औषधाला खडा सापडायचा नाही. मूठ भरून घ्यावी तर पिठासारखी बोटांतून निसटावी. वर ऊन कितीही तापो, आत ओल धरलेली. पिकांची मुळं हवी तेवढी खोल जावीत, कुणी अडवणारं नाही.

“नुसती काठी खोचली तरी पालवी फुटंल हितं,” गजाबा म्हणाला.

“मग बघ की हात लावून.”

गजाबानं ऐटीत वाफ्यावर पंजा टेकवला. पंजा टणकन आपटला.

“आयला! ही तर वाळल्या भाकरीगत झालीया.”

“हस्ताचा पाऊस झोडपून गेला. वर ऊन पडलं. खपली धरली.”

“असल्या लोण्यासारख्या मातीनं?”

“असल्याच मातीला धरती. तिकडं माळावर मुरूम हाय. त्याला किती झोडपा, काय होत न्हाई. हिला सोसत न्हाई लेका... मार बसला की मिटून घेती.”

गजाबानं मान डोलावली. पण त्याचं लक्ष कडेला पडलेल्या खुरप्यावर होतं.

“सरका बाजूला. आत्ता फोडतो.”

“फोड.”

गजाबानं खुरपं हाणलं. खपलीचा हा एवढा तुकडा उचलून आला. त्यानं तो हातात घेतला, उलटा केला... आणि तसाच थांबला.

खाली घेवडा उगवला होता. पांढरट, रसरशीत कोंब. माना वाकवून, डोकी खपलीला लावून वर रेटत होते बिचारे. तुकड्याबरोबर सगळ्यांच्या माना मोडल्या होत्या.

“बाबा... ह्ये तर उगवलं होतं!”

“व्हय.”

“मग मला थांबवलं का न्हाई तुमी?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं.

“थांबवत होती की एक. तिला तू गप बसवलंस.”

गजाबानं तुकडा हळूच खाली ठेवला. खुरपं लांब सरकवून दिलं.

बाबा उठले. नदीत गोणपाट बुडवलं आणि न पिळताच शेजारच्या ओळीवर अंथरलं, तान्ह्या पोरावर दुपटं घालावं तसं.

“आवो, पाण्यानंच तर ही कडक झाली,” गजाबा पुटपुटला. “आनि पुन्ना पाणीच?”

“पाणीच.”

“आता काय करायचं?”

“बसायचं.”

बसणं हे काही गजाबाचं काम नव्हे. त्यानं बोटं मोडली, जांभया दिल्या. गोणपाटाचा कोपरा उचलून बघायला गेला तर बाबांनी हातावर चापट मारली. मधेच बाबा पुन्हा पाणी शिंपडून आले. ऊन कलायला लागलं.

मग कुणी न विचारता गजाबा बोलायला लागला. शेवंता लहान असताना खांद्यावर बसून बाजाराला यायची. वाटभर टकळी चालू. ही चिमणी काय म्हणती, त्या बैलाचं शिंग वाकडं का, नदी रातची झोपती का. हा म्हणायचा, तोंड दुखत न्हाई का गं तुझं? ती म्हणायची, न्हाई आबा, तुमचं कान दुखत्यात का?

गजाबा हसला आणि मधेच थांबला.

“लई बोलायची, बाबा...”

बाबांनी गोणपाट उचललं.

खपली काळसर, मऊ झाली होती. एके ठिकाणी फुगली होती, तडकली होती. त्या फटीतून एक वाकडी मान बाहेर आलेली, डोक्यावर मातीची टोपी तशीच. पलीकडे आणखी एक.

“आलं! बाबा, आलं बघा!”

गजाबा गुडघ्यांवर बसला होता आणि रडत होता. एवढा थोरला माणूस. घाईघाईनं त्यानं पटक्याचा शेव डोळ्यांकडे नेला.

बाबांनी त्याचा हात धरला.

“आवो सोडा... असा ओल्या डोळ्यांनी गावातनं जाऊ? पारावर मानसं बसल्यात. बघतील की सगळी.”

“तवाबी बघतच हुती,” बाबा म्हणाले. “जा लेका. ओल हाय तवर घरी पोच.”