शिळेवरच्या वहाणा

फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही दात फुटले नव्हते तेव्हा, एका डोंगराच्या पोटात चांदी होती.

चांदी म्हटलं की तुम्हाला पैंजण आठवणार. पण खाणीतली चांदी अशी नटून बसलेली नसते. ती काळ्या दगडात दडलेली असते, आणि तो दगड सासऱ्यासारखा कठीण. छिन्नी मारली तर छिन्नीच बोथट व्हायची. म्हणून खाणकरी एक युक्ती करत. दिवस कलला की बोगद्यातल्या दगडाला लाकडं लावून जाळ करायचा. दगड रात्रभर तापायचा. सकाळी त्यावर गार पाणी ओतलं की तडकायचा.

जाळ लागला की बोगदाभर धूर व्हायचा. आत वटवाघूळसुद्धा जगायचं नाही. म्हणून तिथं एक रीत होती. खाणीच्या तोंडाशी एक सपाट शिळा होती. आत जाणाऱ्यानं वहाणा त्या शिळेवर काढायच्या, बाहेर येणाऱ्यानं घालायच्या. शिळेवर वहाण आहे तोवर आत माणूस आहे, आणि आत माणूस आहे तोवर जाळ लावायचा नाही.

जाळ लावायचं काम एका म्हाताऱ्याकडं होतं. सगळे त्याला आबा म्हणत.

खाणीचा मालक शहरात राहायचा. त्याच्या पायात चांदीच्या तारेचं काम केलेला जोडा असे. चालताना तो माणसांकडं कमी आणि जोड्याकडं जास्त बघायचा. एके वर्षी खाणीतून चांदी कमी येऊ लागली, तसा तो घोड्यावर बसून आला.

आबा म्हणाला, "मालक, डोंगरातली चांदीची शीर बारीक झालीय."

"शीर बारीक झालीय, का तुमच्या कंबरा जाड झाल्यात?" मालक म्हणाला.

आबानं आपल्या खपाटीला गेलेल्या पोटावरून हात फिरवला. "बघा बुवा. तुम्हीच मोजा."

सगळे हसले. मालक मात्र मनात म्हणाला, हसतात म्हणजे नक्कीच चोर.

त्यानं ठरवलं, आत लपून बसायचं आणि चोर पकडायचा. संध्याकाळी खाणकरी बाहेर पडायच्या गडबडीत होते, तेव्हा तो शिळेपाशी आला. जोडा काढायला वाकला आणि थांबला. एवढा चांदीचा जोडा, या चोरांच्या गावात, उघड्यावर? (हसू नका. देवापुढं हात जोडून अर्धा जीव बाहेरच्या चपलांत ठेवणारे तुमच्यातही आहेत.) त्यानं जोडा काखेत मारला. घोडा धरून उभ्या असलेल्या नोकराला दम दिला, "मी कुठंय ते कुणाला सांगशील तर याद राख!" आणि आत जाऊन पार टोकाच्या कपारीत बसला.

खाणकरी वहाणा घालून घरी गेले. आबानं शिळा बघितली. रिकामी. तरी रिवाजाप्रमाणं त्यानं आत जाऊन हाक दिली, "कुणी हाय का रं आत?"

मालकानं हाक ऐकली. मनात म्हणाला, बघा लबाड! बघायला कुणी नाही ना, याची खात्री करून घेतोय. आणि तो गप्प बसला.

आबानं वाटेतल्या भिंतीला जाळ लावला, बाहेर आला, वहाणा घातल्या. तेवढ्यात त्याला तो नोकर दिसला. तोंड पांढरंफटक.

"काय रं, घोडा हितं आणि मालक कुठं?"

"सांगायचं नाही म्हणालेत."

"बरं, नको सांगूस. नुसतं बोट दाखव."

नोकरानं खाणीकडं बोट दाखवलं आणि रडायला लागला.

"आरं, मग जोडा?"

"काखेत घेऊन गेलेत. तुम्ही लोक चोराल म्हणून."

आबाची चेष्टा तिथंच थांबली. त्यानं पाण्याच्या रांजणात घोंगडी बुडवली. एवढ्या घाईतही पायातल्या वहाणा काढून शिळेवर नीट जोडीनं ठेवल्या, आणि तो धुरात शिरला.

खोकल्याच्या आवाजावरून त्याला मालक सापडला. आबानं ओली घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली. "भिंतीला हात लावून पळा. श्वास घेऊ नका."

"आणि तू?"

"येतो की मागनं."

मालक जाळाजवळून कसाबसा निसटला. त्याच्या मागं तापलेला दगड मोठ्यानं तडकला आणि छत खाली आलं.

मालक रांगत बाहेर पडला. जोडा अजून काखेतच होता.

खाणकऱ्यांनी हातांची सालं निघेपर्यंत दगड उपसले. डोंगर हलला नाही. आबा सापडला नाही.

सुतक फिटलं. मालकाचा कारभारी आला आणि म्हणाला, "झालं ते झालं. चांदी काही मेली नाही. लाकडं रचा."

कुणी जागचं हललं नाही. एका बाईनं शिळेकडं बघून म्हटलं, "आत माणूस हाय."

"ह्या वहाणांचं म्हणताय? मग ह्या उचलून टाकतो!" कारभारी वाकला.

त्याच्या मागोमाग आलेल्या मालकानं त्याचा हात धरला. "हात लावू नकोस. आबा अजून बाहेर आला नाही."

मग त्यानं आपला चांदीचा जोडा काढला, आबाच्या झिजलेल्या वहाणांशेजारी ठेवला, आणि अनवाणी घराकडं निघाला.

त्या खाणीत पुन्हा जाळ लागला नाही. वर्षं गेली. आबाच्या वहाणांचं कातडं वाळून आकसलं, जोड्यावरची चांदी काळी पडली. त्या वाटेनं गुराखी गेले, लमाण गेले, उपाशी माणसंही गेली. चोरांच्या त्या गावात तो जोडा कुणी उचलला नाही.

तात्पर्य: भरवसा ठेवला तर फार तर जोडा जातो, न ठेवला तर माणूस जातो, आणि बहुतेक वेळा तो दुसराच असतो.