तीस घरांचं मागणं

"विहीर मी खोदली, आणि आभार देवाचे?"

हिंगणगडचे उदाजीराजे असे कडाडले, की पंखा ओढणाऱ्याच्या हातातली दोरीच सुटली. झालं होतं एवढंच, की ख्रिस्तवाडीतल्या नव्या विहिरीला गोड पाणी लागलं आणि तिथल्या तीस घरांनी चर्चमध्ये जमून देवाचे आभार मानले. राजांचेही मानले होते, अगदी हार घेऊन. पण दुसऱ्या दिवशी! आता दुसरा नंबर राजांना जन्मात सोसला नव्हता.

त्यांनी चर्चला कुलूप ठोकलं आणि पाळक शांतवनरावांना बोलावून घेतलं.

"काय हो, राज्यकर्त्याची आज्ञा पाळावी, असं तुम्हीच शिकवता ना?"

"होय महाराज. देवाची आज्ञा आड येत नाही तोवर पाळतोच."

"मग ऐका माझी आज्ञा! देवाकडे जे जे मागता, ते येत्या रविवारपासून माझ्याकडे मागायचं. इथे, भर दरबारात! दुसऱ्या कुणाकडे एक जरी मागणं गेलं, तर तीसही घरं वेशीबाहेर. आणि मागायला आला नाहीत, तरी वेशीबाहेर!"

बिचारे शांतवनराव घाम पुसतच वाडीत परतले. राजाचं ऐकावं तर देव सुटतो, देवाचं ऐकावं तर घर! बायका रडू लागल्या. एकाने तर भांडी गोणीत भरायला घेतली.

या वाडीत सारूबाई राहायची. अंड्यांची पाटी घेऊन ती घरोघर फिरे. शनिवारी अंडी देता देता कुणाला देवाकडे काय मागायचंय ते विचारून घेई आणि रविवारी चर्चमध्ये सगळं पाळकांना तोंडपाठ सांगे. तिच्या लेकीला नववा महिना लागला होता, पाय सुजले होते. या पोरीला बैलगाडीत घालून न्यायचं तरी कुठे, या विचाराने सारूबाई घाबरली होती. पण तिचं असं होतं, की घाबरली की तिची जीभ जास्तच चालायची.

"पाळकसाहेब, राजाने गुडघे टेकायला सांगितलंय का?"

"नाही."

"त्याला देव म्हणायला?"

"तसंही नाही. फक्त मागायला."

"मग मागू की! शेजारणीकडे विरजण मागतो, तेव्हा तिची पूजा करतो का? रविवारी सगळे चला दरबारात. आणि हातचं राखून काही ठेवू नका. देवापुढे मागता ते सगळं मागा!"

रविवारी दरबार भरला. राजे मिशांना पीळ देऊन बसले. एका विधवेने छपरासाठी कौलं मागितली.

"दिली!"

एका म्हाताऱ्याने बैलासाठी वैरण मागितली.

"दिली!" राजे खुशीत आले. "एवढंच ना? आणा अजून!"

सारूबाईने एका आजीला हाताला धरून पुढे आणलं. "महाराज, ही एस्तेरआजी. हिचा मुलगा जहाजावर गेला, वर्षभर पत्र नाही. असेल तिथे त्याला सांभाळा."

"कुठे आहे तो?"

"ते ठाऊक असतं तर आम्हीच नसतो का सांभाळला?"

राजांनी दिवाणांकडे पाहिलं. दिवाणांनी छताकडे पाहिलं.

"हा दानीएल. याला भावाला माफ करायचंय, पण मनातला राग निघत नाही. तेवढा काढून द्या."

"दोघांनाही फटके द्या!"

"वाढेल महाराज, राग वाढेल!"

पुढचे दोघे बांधाला बांध लागून असलेले शेतकरी. एकाचं भात कापून पडलेलं, त्याला आठ दिवस पाऊस नको होता. दुसऱ्याची रोपं सुकत होती, त्याला पाऊस आजच हवा होता.

"आधी आपसात ठरवा, मग या!" राजे खेकसले.

"देव असं कधी म्हणाला नाही," दोघे एका सुरात म्हणाले. "तो दोघांचंही ऐकून घेतो."

"आता माझं," सारूबाई म्हणाली. "माझी लेक सुखरूप मोकळी होऊ द्या."

"राजवाड्यातली सुईण पाठवतो!"

"सुईण आमच्या आळीतच आहे, महाराज. पण लेक वाचेल याची हमी तुम्ही देता?" हे विचारताना मात्र तिचा आवाज खरोखरच कापला.

कपाळावरचा घाम पुसून राजे एकदम ओरडले, "ही माझी थट्टा चाललीय! आटोपा!"

"थट्टा कसली? हुकूम तंतोतंत पाळतोय. आता एकच राहिलंय. तीसही घरांचं मिळून आहे. दर रविवारी आम्ही ते सगळ्यांत आधी मागतो, आज धीर होईना म्हणून मागे ठेवलं."

"बोल!"

"आमच्या राजाला शहाणपण मिळू दे, गाढ झोप मिळू दे, आणि त्याचा राग लवकर निवू दे."

राजांचा हात मिशीवरच थांबला.

"माझ्यासाठी मागता? दर रविवारी?"

"आम्हाला तशी शिकवणच आहे. राजा चिडला म्हणून खाडा करायचा नाही."

"मग आता हे मी... माझ्याकडेच..."

"तिथेच तर घोडं अडलंय!" सारूबाई म्हणाली. "तुमच्यासाठी तुमच्याकडेच मागायचं, तर द्यायचं कुणी? बाकी सगळं राहू द्या. पण तुमच्यासाठी मागायला तरी तुमच्याहून मोठा कुणीतरी नको का, महाराज?"

राजे आधी लाल झाले, मग हसू दाबू लागले, आणि मग असे खदखदून हसले की दिवाणांनाही हसावं लागलं.

"दिवाणजी, चर्चची किल्ली द्या हिच्या हातात! आणि बाई, माझं ते मागणं बंद करू नकोस. झोपेचं जरा जोर लावून माग!"

किल्लीबरोबर तबेल्यातलं एक धट्टंकट्टं टट्टूही सारूबाईला बक्षीस मिळालं, पाठीवर अंड्यांच्या दोन नव्या पाट्यांसकट.

टट्टूने तिथल्या तिथेच दोन उड्या मारल्या.

"महाराज, उपकार झाले!" सारूबाई लगाम ओढत म्हणाली. "पण हे अंडी न फोडता चालेल, एवढं मात्र मला वरच मागावं लागेल!"